गेम संपल्यावरचं संगीत: साउंडट्रॅक विकत घेऊन ऐकण्याचा काही महिन्यांचा अनुभव

गेमचं संगीत मी कित्येक वर्षं यूट्यूबवर ऐकत आले. गेल्या पावसाळ्यापासून ते बंद केलं आणि साउंडट्रॅक, म्हणजे गेमच्या संगीताचे अल्बम, रीतसर विकत घ्यायला लागले. संगीतकाराचं स्वतःचं पान असेल तर बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरून, नसेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून. ऐकायला घरातला लॅपटॉप, अँड्रॉइड फोन आणि वायरचे साधे हेडफोन. महागडी यंत्रं नाहीत, त्यामुळे हा अनुभव कुणालाही लागू पडावा.

यूट्यूब सोडायचं कारण सरळ आहे. तिथलं जवळपास सगळं गेम संगीत चाहत्यांनी चढवलेलं असतं आणि ते कधी नाहीसं होईल याचा नेम नसतो. २०२२ साली निंटेंडो या जपानी गेम कंपनीच्या हक्काच्या दाव्यांमुळे एका प्रसिद्ध चॅनेलवरचे हजाराहून जास्त व्हिडिओ बंद झाले आणि पाठोपाठ तो चॅनेलही गेला. कंपनीचा हक्क मान्य आहे. पण त्यामुळे वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्टमध्ये नुसत्या करड्या चौकटी उरतात. शिवाय संगीतकाराच्या हातात एक पैसा पडत नाही, ही गोष्ट मला जास्त टोचत होती.

आता मुख्य मुद्दा, जो मला हे संगीत सलग अल्बम म्हणून ऐकायला लागल्यावरच उमगला. गेमचं संगीत संपण्यासाठी लिहिलेलंच नसतं. खेळणारा एखाद्या खोलीत दोन मिनिटं थांबेल की चाळीस, हे संगीतकाराला ठाऊक नसतं. म्हणून चाल अशी रचायची की तिचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला बेमालूम जुळावं आणि ती कितीही वेळा फिरली तरी कान विटू नयेत. लहानपणी दादाच्या तबल्याच्या रियाजाला पेटीवर लेहरा धरायचं काम माझ्याकडे असायचं. सोळा मात्रांची तीच ओळ, तासभर. लेहऱ्याने स्वतःकडे लक्ष ओढायचं नसतं, पण तो डळमळला तर तबला उभा राहत नाही. गेमचं संगीत हा लेहरा आहे आणि तबला खेळणाऱ्याच्या हातात आहे. मग गेम बाजूला काढून नुसता लेहरा विकायचा म्हटला तर त्याचं काय करायचं? या प्रश्नाला प्रत्येक साउंडट्रॅक आपापलं उत्तर देतो. कोणता अल्बम पुन्हापुन्हा ऐकावासा वाटतो आणि कोणता एकदा ऐकून पडून राहतो, हे त्या उत्तरावर ठरतं.

सगळ्यात सोपं आणि जुनं उत्तर म्हणजे चाल दोनदा फिरवायची आणि आवाज हळूहळू बारीक करून पुढच्या ट्रॅकवर जायचं. जपानी गेमच्या बहुसंख्य अल्बममध्ये हेच ऐकू येतं. त्यात प्रामाणिकपणा आहे, पण एकामागून एक पन्नास ट्रॅक असे विझत गेले की ऐकणाऱ्याचा उत्साहही विझतो. असे अल्बम मी आता सलग लावत नाही, त्यातले आवडते ट्रॅक वेगळे काढून ठेवते.

याच्या दुसऱ्या टोकाला संगीतकार लीना रेनचं सेलेस्ट. २०१८ सालचा हा गेम म्हणजे मॅडलीन नावाच्या मुलीने एक डोंगर चढणं, एवढीच गोष्ट. दुसऱ्या प्रकरणात तिचं आरशातलं प्रतिबिंब बाहेर येतं आणि तिच्याच पावलांवर पाऊल टाकत तिचा पाठलाग करतं. त्या प्रकरणाचं संगीत गेममध्ये टप्प्याटप्प्याने बदलतं. तुम्ही पुढे सरकाल तसे थर चढतात, अडकून पडलात तर तेही तिथेच फिरत राहतं. अल्बमवर हे सगळे टप्पे एकाच सलग ट्रॅकमध्ये बांधले आहेत, नऊ मिनिटांहून मोठ्या. सुरुवातीचा पियानो आणि सिंथेसायझर इतके सैलसर वाजतात की झोप यावी. मग खालून ताल शिरतो, सूर आवळत जातात, आणि पाठलाग सुरू झाल्यावर तीच आधीची चाल दमछाक झाल्यासारखी धावते. मी हा ट्रॅक बहुतेक वेळा रात्री दिवा मालवून ऐकते आणि अजूनही पाठलागाच्या जागी पाठ ताठ होते. गेममध्ये मी तिथे इतक्या वेळा पडले होते की संगीताचा हा सगळा चढ एकसंध असा कधी ऐकूच आला नव्हता. तो मला अल्बमने ऐकवला. पैसे वसूल होणं म्हणतात ते हेच.

जर्नीचं उत्तर आणखी वेगळं आहे. ऑस्टिन विन्टरीने २०१२ च्या या गेमसाठी लिहिलेला साउंडट्रॅक ग्रॅमीसाठी नामांकन मिळालेला पहिला गेम साउंडट्रॅक. चेलो म्हणजे खेळणारा प्रवासी आणि भोवतीचा वाद्यवृंद म्हणजे त्याच्याभोवतीचं जग, अशी मांडणी. पहिला ट्रॅक चेलोच्या एकट्या आवाजाने उघडतो, तासाभराच्या आत सगळा अल्बम संपतो आणि शेवटच्या गाण्यात लॅटिन, जुनी इंग्रजी, ग्रीक, फ्रेंच आणि जपानी अशा भाषांतल्या जुन्या साहित्यातल्या ओळी येतात. गेम एकदाही न खेळलेल्या माझ्या आईने हा अल्बम दुपारी भाजी निवडताना पूर्ण ऐकला आणि मध्ये उठली नाही. हा अल्बम शफलवर लावू नका, फार नुकसान होतं. दोन ट्रॅकच्या मध्ये फट पडू न देणारा प्लेअरही हवा, त्याबद्दल पुढे लिहिते.

माइनक्राफ्टच्या पहिल्या अल्बमने मात्र मला बुचकळ्यात टाकलं. सी४१८ या नावाने लिहिणाऱ्या डॅनियल रोझेनफेल्डचा हा अल्बम २०११ मध्ये आला. २०२५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद केली. कोजी कोंडोच्या सुपर मारिओच्या चालीला तो मान २०२३ मध्ये मिळाला होता. पण खुद्द गेममध्ये हे संगीत सतत वाजत नाही. तुम्ही खणत असता, बराच वेळ नुसते कुदळीचे आणि पावलांचे आवाज, आणि मग केव्हातरी न सांगता पियानोचे चार सूर येतात. निम्मी जादू त्या शांततेची आहे, आणि अल्बमवर ती शांतता नाही. सूर तेच, सुंदरच, पण पाठोपाठ आल्यावर त्यांचं येणं अवचित राहत नाही. यावर मी एक तोड काढली: या अल्बमचे ट्रॅक एका प्लेलिस्टमध्ये टाकले आणि मध्ये काही मिनिटांच्या निःशब्द फायली घातल्या. काम करताना ही प्लेलिस्ट चालू असते आणि संगीत आहे हे मी विसरून जाते, तोवर ते येतं. ज्यांनी गेम खूप खेळला आहे त्यांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा.

निअर ऑटोमाटाचा तीन डिस्कचा साउंडट्रॅक विचारपूर्वक मांडला आहे. गेममध्ये एकाच चालीची शांत, मध्यम आणि जोरकस रूपं असतात. प्रसंगाप्रमाणे ती एकमेकांत मिसळतात, गायन कधी येतं कधी मागे सरतं. अल्बमवर भग्न शहराची चाल दोन वेगळ्या रूपांत दिली आहे, एक उजळ आणि एक सावळी. मला सावळं रूप जास्त आवडतं, बहुधा गेममध्ये ते जड प्रसंगी येतं म्हणून. यातली बरीचशी गाणी कोणत्याच खऱ्या भाषेत नाहीत, शब्द मुद्दाम घडवलेले आहेत, त्यामुळे अर्थाकडे लक्ष न जाता आवाजात जीव रमतो.

अंडरटेलमध्ये १०१ ट्रॅक आहेत, त्यातले कित्येक काही सेकंदांचे. टोबी फॉक्सच्या चाली मला अतिशय प्रिय आहेत. पहिल्याच ट्रॅकमधली साधी चाल शेवटाकडच्या मोठ्या लढाईत परत येते तेव्हा गेम खेळलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतोच. पण गेम न खेळलेल्याला हा अल्बम तुटक वाटणार. आधी गेम, मग अल्बम, असाच क्रम इथे ठेवा.

सेलेस्टसारखे संगीतावर थर चढवण्याची कल्पना आजची नाही. लुकासआर्ट्स या गेम कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज नावाची यंत्रणा बनवली आणि १९९१ च्या दुसऱ्या मंकी आयलंडमध्ये ती वापरली. तुम्ही गावातल्या एका दुकानातून दुसऱ्यात शिरता, आणि चाल न तुटता त्या दुकानाचं वाद्य तिच्यात येऊन मिसळतं. अल्बमची गोष्ट त्याहून जुनी: १९८४ मध्ये हारुओमी होसोनो या जपानी संगीतकाराने नामको कंपनीच्या गेमच्या संगीताचा अल्बम काढला, आणि त्यात खेळतानाचे आवाजही ठेवले. म्हणजे पहिल्याच खेपेला त्यांना वाटलं असावं की नुसता लेहरा पुरणार नाही, तबलाही ऐकवला पाहिजे. हे कळल्यावर त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

आता खरेदीबद्दल.

स्टीमवर २०२० च्या जानेवारीपर्यंत साउंडट्रॅक हा गेमला जोडलेला पुरवणी माल असायचा. गेम नसेल तर घेऊन उपयोग नाही, आणि फायली गेमच्या फोल्डरात कुठेतरी दडलेल्या. त्यानंतर साउंडट्रॅक स्वतंत्र झाले आणि आता गेम न घेताही घेता येतात. भारतातल्या माणसाला स्टीमची मोठी सोय म्हणजे किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआयने पैसे भरता येतात. सेलमध्ये भावही चांगले उतरतात. विकणाऱ्याने दिले असतील तर एमपीथ्रीबरोबर उच्च दर्जाच्या फायलीही मिळतात, मात्र त्यासाठी सेटिंग्जमध्ये तो पर्याय आपण चालू करायचा असतो. तो आपसूक चालू नसतो आणि कुणी सांगतही नाही. खरी अडचण ऐकण्याची आहे. स्टीमचा प्लेअर संगणकावरच चालतो, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तुमचं संगीत वाजत नाही. म्हणजे स्टीमअ‍ॅप्समधला म्युझिक फोल्डर शोधायचा, फायली उचलायच्या आणि आपल्या हाताने फोनवर टाकायच्या. मला याची सवय झाली, पण ज्यांना फायलींशी झटापट नको त्यांना हे कटकटीचं वाटेल.

बँडकँपवर पूर्ण अल्बम आधी ऐकून मग घेता येतो, ही गोष्ट मला सर्वात मोलाची वाटते. घेतल्यावर एमपीथ्री, फ्लॅक (यात मूळ आवाजातलं काही गाळलं जात नाही), वेव्ह, ऑग अशा हव्या त्या प्रकारात उतरवा, आणि पुढे कधी लॅपटॉप बिघडला तर पुन्हा उतरवा. अ‍ॅपवर घेतलेलं सगळं लगेच वाजतं. डिजिटल विक्रीतला १५ टक्के हिस्सा बँडकँप ठेवतं. २०२० च्या मार्चपासून ठराविक शुक्रवारी तोही सोडतं, म्हणून माझी खरेदी मी शक्यतो त्या दिवशी करते. २०२२ मध्ये एपिक गेम्स या गेम कंपनीने बँडकँप घेतलं आणि पुढच्या वर्षी सॉन्गट्रेडर या दुसऱ्या कंपनीला विकलं, तेव्हा बरेच लोक धास्तावले होते. माझ्या वापरात आजवर काही बिघडलेलं नाही, पण घेतलेली प्रत्येक फाइल मी स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवते आणि तुम्हीही ठेवा. त्रास एकच, पैसे भरण्याचा. किंमत बहुधा डॉलरमध्ये असते, कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात, आणि वर बँकेचा परकीय चलनाचा आकार लागतो. माझं एक कार्ड कारण न सांगता दरवेळी नाकारलं जायचं. शेवटी दुसऱ्या बँकेचं वापरायला लागले.

फ्लॅक की एमपीथ्री, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तासाभराचं संगीत फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ४०० एमबी घेतं. साध्या हेडफोनवर चांगल्या एमपीथ्रीपेक्षा वेगळं काही ऐकू येईल असं मी म्हणणार नाही. तरी मी फ्लॅक घेते, कारण मूळ प्रत एकदा हाती असली की तिच्यापासून हवी ती लहान प्रत कधीही काढता येते, उलटं जमत नाही. दुसरं कारण फटीचं. एमपीथ्रीमध्ये एक ट्रॅक संपून दुसरा लागताना काही प्लेअर बारीकशी फट पाडतात, आणि जर्नीसारख्या अल्बममध्ये ती खड्यासारखी लागते. फ्लॅकमध्ये हा त्रास मला झालेला नाही. प्लेअरमधला क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक विझताना त्यावर दुसरा चढवण्याची सोय, मात्र आठवणीने बंद करा.

संग्रह वाढला की खरी मेहनत टॅगची, म्हणजे फायलीतच लिहिलेल्या नाव-क्रमांकांच्या माहितीची. दोन-तीन डिस्कच्या अल्बममध्ये डिस्क क्रमांकाचा टॅग नसेल तर प्लेअरला तीन वेगळे पहिले ट्रॅक दिसतात. मग तो तिन्ही पहिले, मग तिन्ही दुसरे असं वाजवत सुटतो आणि गोष्टीचा पार चुथडा होतो. एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅमने हे झटपट दुरुस्त करता येतं. ट्रॅकची नावं, संगीतकार, डिस्कची मांडणी हे सगळं व्हीजीएमडीबी या डेटाबेसवर मिळतं, जपानी नावांसह. तिथली माहिती लोकांनी किती जिव्हाळ्याने भरली आहे हे पाहून मन भरून येतं: कोणत्या ट्रॅकवर गिटार कुणी वाजवली, इथपर्यंत. आवाजाच्या पातळीचाही प्रश्न येतो. जुन्या चिपचं संगीत कानठळ्या बसवतं आणि लगेच पुढे वाद्यवृंद कुजबुजतो. फूबार२००० या प्लेअरमध्ये रिप्लेगेन, म्हणजे आवाजाची पातळी मोजून सारखी करणारी सोय, वापरल्यावर हा प्रश्न सुटला. अल्बमच्या आतले चढउतार जपायचे असतील तर ट्रॅकवार नव्हे, अल्बमवार पातळी निवडा.

फूबारमुळे आणखी एक दालन उघडलं, आणि त्यात मी सर्वांत जास्त रमले. आमच्या पिढीने दिवाळीच्या सुट्टीत पिवळ्या-लाल कॅसेटी घालून जे टीव्ही गेम खेळले, ते बहुतेक निंटेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्या मूळ यंत्राच्या चिपमध्ये आवाजाचे फक्त पाच मार्ग: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. एनएसएफ नावाच्या फायलीत ध्वनिमुद्रण नसतंच. गेममधला संगीत वाजवणारा मूळ प्रोग्रॅमच तिच्यात असतो, तोही काही केबीचा, आणि तो संगणकावर त्या चिपची नक्कल करून जिवंत वाजवला जातो. त्यामुळे एनएसएफ वाजवणाऱ्या काही प्लेअरमध्ये एकेक मार्ग बंद करता येतो. मी मारिओची चाल लावली आणि वरचे दोन्ही सूर बंद केले. खाली त्रिकोणी लहरीचा खर्ज एकटाच उड्या मारत होता, आणि ज्या चालीला आम्ही तोंडाने टॅरॅरॅ म्हणून नाचलो तिचा सगळा नखरा त्या खर्जात आहे हे इतक्या वर्षांनी कळलं. खेळताना उडीचा किंवा नाण्याचा आवाज येई तेव्हा संगीतातला एक सूर क्षणभर गप्प होई, कारण मार्गच तेवढे. ते गप्प होणं आमच्या कानांत इतकं मुरलंय की संपूर्ण चाल ऐकताना उलट तीच वेगळी वाटते.

विनाइलबद्दल थोडक्यात. गेमच्या तबकड्या देखण्या असतात, पण परदेशातून मागवताना टपाल आणि कस्टम मिळून किंमत आवाक्याबाहेर जाते. एका विक्रेत्याकडून आलेली तबकडी वाकलेली निघाली आणि परत पाठवण्याचा खर्च माझ्याच माथी आला. त्यानंतर तो नाद सोडला. निंटेंडोने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतःचं संगीताचं अ‍ॅप काढलं, ते त्यांच्या ऑनलाइन वर्गणीदारांसाठीच. मी ते वापरलेलं नाही, पण त्यातली एक सोय सर्वांनी उचलावी अशी आहे: निवडक चाली पंधरा, तीस किंवा साठ मिनिटांपर्यंत लांबवून ऐकता येतात. लेहरा हवा तेवढा वेळ धरून ठेवण्याची सोय म्हणायची ही.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा गेम २०२० मध्ये आला. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. भारतीय वाद्यं आणि बाल्कन वळणाचे सूर एकत्र ऐकताना आधी बिचकायला होतं, मग ते सुरेख जमून येतं. आपल्याकडे पेटी, सारंगी, बासरी, पखवाज वाजवणारे एवढे कसदार लोक आहेत. त्यांच्यातल्या कुणी एखाद्या गेमसाठी असं न संपणारं, थरांनी उमलणारं संगीत लिहावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. न कंटाळता फिरत राहणारी ओळ रचण्याची तालीम आपल्या संगीतात आधीपासून आहे.

पहिलाच साउंडट्रॅक घेणार असाल तर तुम्ही पूर्ण खेळलेल्या गेमचा घ्या, आणि घेण्याआधी बँडकँपवर त्यातला सर्वांत मोठा ट्रॅक शेवटपर्यंत ऐका. तो नुसता बारीक होत विझत असेल तर स्टीमच्या सेलची वाट पाहा. तो खरोखर कुठेतरी पोचत असेल तर पूर्ण किमतीला घ्या आणि फ्लॅक उतरवा. गेम न खेळता ऐकायचं असेल तर जर्नी.